विजापूर एका दिवसात: वाचकांचे प्रश्न

सोलापूरहून सकाळी निघून रात्री परतायचं आहे. आई सत्तरीची, गुडघेदुखीची. काय, कोणत्या क्रमाने पाहावं?

रस्त्याने अंतर साधारण 100 किलोमीटर आहे. पहाटे निघा आणि सातच्या सुमारास गोलघुमटाच्या दारात असा. घुमट शहराच्या पूर्व टोकाला, स्टेशनाच्या बाजूला आहे, तर इब्राहिम रोझा पश्चिमेला तटाबाहेर. त्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेलं की उलटसुलट हेलपाटे होत नाहीत: गोलघुमट, जामा मशीद, गगन महाल, बारा कमान, मुलूखमैदान तोफ, शेवटी इब्राहिम रोझा.

आईंना गोलघुमटाच्या वरच्या सज्जापर्यंत नेऊ नका. जिना कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यात आहे, पायऱ्या शंभराहून जास्त, अरुंद आणि उंच. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. त्यांनी खाली थांबावं, त्यात काही हुकत नाही. सुमारे 41 मीटर चौरस दालन, मध्ये एकही खांब नाही आणि डोक्यावर 38 मीटर व्यासाचा घुमट. भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत आत झुकतात आणि चौकोनाचं वर्तुळ करतात. आत झुकलेल्या या बांधकामाचं वजनच घुमटाचा बाहेर पडणारा रेटा पेलून धरतं. हे नीट दिसतं ते खालूनच. मधल्या चौथऱ्यावरच्या कबरी मात्र नुसत्या खुणेच्या आहेत. मुहम्मद आदिलशहाचं (मृत्यू 1656) दफन त्याखालच्या तळघरात आहे.

इब्राहिम रोझा दुपार कलल्यावर पाहा. मकबरा पूर्वेला आणि मशीद पश्चिमेला, समोरासमोर. उतरतं ऊन मकबऱ्याच्या पश्चिम भिंतीवर पडतं, तेव्हा दगडात कोरलेली अक्षरं उठून दिसतात. खिडक्यांच्या जाळ्या नक्षीच्या वाटतात, पण जवळ गेल्यावर कळतं की जाळी म्हणजेच अरबी अक्षरं आहेत, मधला दगड कोरून काढलेला. मशिदीच्या छज्जाखाली दगडी साखळ्यांचे अवशेष लोंबतात. तेही पाहा, बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत.

गोलघुमट आणि रोझा यांची तिकिटं वेगळी: भारतीयांना रोख 25 रुपये, क्यूआरने 20, पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मार्चनंतर दुपारी फरशी पाय भाजते. जाड मोजे बरोबर असू द्या.

गोलघुमटात कुजबूज पलीकडे ऐकू येते म्हणतात. आम्हाला नुसता गोंगाट ऐकू आला. चुकलं काय?

वेळ चुकली. शाळांच्या सहली वर आल्या की एकेक आरोळी सात ते दहा वेळा घुमते आणि त्या कल्लोळात बारीक आवाज बुडून जातो. दार उघडल्यानंतरचा पहिला तासच खरा. जिना चढून आधी गच्चीवर या, मग घुमटाच्या जाड भिंतीतल्या छोट्या दारातून आत सज्जावर.

दोघांनी सज्जाच्या अगदी समोरासमोरच्या टोकांना जायचं. सगळे कठड्यावरून वाकून मधल्या पोकळीत बोलतात, तिथेच फसतं. बोलणाऱ्याने भिंतीशी वीतभर अंतरावर तोंड न्यावं आणि भिंतीच्या कडेकडेने, आवाज न चढवता बोलावं. ऐकणाऱ्याने कान भिंतीजवळ ठेवावा. गोल भिंतीवर आवाज तिरका आदळतो, थोडा वळतो, पुन्हा आदळतो आणि असा भिंतीला धरूनच पलीकडे पोहोचतो. बारीक, सळसळता आवाज भिंतीला जास्त धरून राहतो, खर्जातला पसरून जातो. म्हणून हळू बोललेलं इथे अधिक स्वच्छ पोहोचतं. कागद फाडून किंवा काडी ओढल्याचा आवाज ऐकून पाहा.

प्रतिध्वनीसाठी टाळी एकदाच वाजवा आणि थांबा. 38 मीटर जाऊन परत यायला आवाजाला पाव सेकंदही लागत नाही. पाठोपाठ टाळ्या वाजवल्या तर सगळे पडसाद एकमेकांत मिसळतात. आणि ओरडू तर मुळीच नका, इतरांचं ऐकणं बुडतं.

मुलूखमैदान तोफ मूळची अहमदनगरची, हे खरं का?

खरं आहे. निजामशाहीत 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरला ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला आणली गेली. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन 55 टनांच्या आसपास. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे, त्याच्या दातांत सापडलेला हत्ती शोधा. 1686 मध्ये शहर घेतल्यावर औरंगजेबाने तोफेवर आपलाही लेख कोरवला. तिथून उपळी बुरूज जवळच आहे. बाहेरून वळत जाणारा जिना चढलात तर सगळं शहर दिसतं. वर कठडा नाही असं समजूनच मुलांचा हात धरा.

आम्हाला फक्त शुक्रवारी जमतं. चालेल?

चालेल, पण गोलघुमटापुढच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. जामा मशीद सकाळीच उरका, दुपारच्या नमाजाच्या वेळी तिथे जाऊ नका. तेवढ्या वेळात एखाद्या लिंगायत खानावळीत भाकरी, येण्णेगाई (भरल्या वांग्यांची भाजी) आणि शेंगाचटणीचं जेवण होईल. तिथून पुढे तोफ आणि रोझा.