तालुक्याच्या गावी घरातच डेंटल क्लिनिक टाकू का? माझं उत्तर

बीडीएस झालं, लग्न ठरलं, सासर तालुक्याच्या गावी, अन् सासरचे म्हणून राहिले की समोरच्या खोलीतच दवाखाना टाक म्हणजे घरही पाहता येईल, तर टाकू का, असं विचारलंय तुम्ही. मी यवतमाळ जिल्ह्यात दवाखाना चालवते, पोरगी लहान आहे. माझं म्हणाल तर नका टाकू. भाडं गेलं तरी चालेल, बस स्टँडकडे गाळा घ्या.

घरात दवाखाना असला की तुम्ही दोन्हीकडच्यांना दिवसभर सापडता. इकडे पेशंटच्या तोंडात एअरोटर (दात कोरायचं मशीन) चालू अन् दारातून आवाज, "बाई, गॅसवाला आला, पैसे कुठी ठेवले?" रात्री ताटावर बसलं की कोणीतरी गाल धरून अंगणात उभा. गाळ्याचं शटर ओढलं की विषय संपला.

टायमिंगही नागपूरसारखं सकाळ-संध्याकाळ ठेवायची गरज नाही. आपला पेशंट एसटीने येतो, बाजार करतो अन् दुपारच्या गाडीने परत जातो, संध्याकाळवाले म्हणजे मास्तर नाहीतर बँकवाले, त्यांना रविवारी सकाळी बोलवा, कुरकुर करतात पण येतात. दाढ मात्र सकाळीच काढायची. बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरायला सांगून बाकावरच बसवून ठेवते, रक्त थांबलं हे पाहूनच गाडीत बसू देते. संध्याकाळी काढली तर रात्री फोन येणारच, "मॅडम, थुंकीत लाल येऊन राहिलं" (अन् यानं नको म्हटलं तरी सतरा वेळा चूळ भरलेली असते). खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या आरसीटीला (रूट कॅनालला) वेळ जास्तच धरा, नाहीतर मागचे सगळे लटकतात.

बाळंतपणाचं आधीच पाहून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी नोकरी असेल तर २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा आहे, स्वतःच्या दवाखान्यात काहीच नाही अन् डेंटल चेअरच्या कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून हप्ता झेपेल एवढाच घ्या, आणि बॅचमधली कोणी जवळपास असेल तर त्या महिन्यांत आठवड्यातून एखाद दिवस येशील का हे आत्ताच विचारा, कारण अर्धवट आरसीटीवाला पेशंट एकदा दुसरीकडे गेला की गेला. दिवस असताना एक्स-रेच्या वेळी भिंतीआड जायचं, हे काही तुम्हाला सांगायला नको.

अन् होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधीच विचारा, लेकराला ताप आला तर दवाखाना बंद राहील की तो सुट्टी घेईल? आमच्याकडे बाजाराच्या दिवशी तो सुट्टी टाकतो, बाकी दिवशी मी पाहते.