पैसे बेताचे असताना घरची बाग भरगच्च कशी करावी?

कुंड्या विकत घेऊ नका, एवढं आधी सांगतो. जुन्या बादल्या, डबे, पोती काहीही चालतं. तळाला भोकं मात्र हवीतच, नाहीतर मुळं कुजतात.

पैसे खरे जातात ते माती-खतात, आणि खत तर घरीच होतं. भाजीची देठं-सालं एक भाग, वाळलेला पालापाचोळा दोन-तीन भाग, असे थर लावत जा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा, आठवड्यातून एकदा खालीवर करा. वास सुटला तर समजा ओलं जास्त झालंय. आणखी वाळका पाला घाला. काही महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाती येतं. थोडा पाला वेगळा काढून झाडांच्या बुडाशी पसरा, पाणी कमी लागतं आणि तणही दबतं.

बियाणं सरळ वाणाचं घ्या, म्हणजे ज्याचं बी धरून पुन्हा तसंच झाड येतं असं, संकरित (हायब्रिड) नको. संकरित वाणाच्या बियांतून पुढची झाडं मूळ झाडासारखी येत नाहीत, म्हणजे दरवर्षी पुन्हा खर्च. टोमॅटो, घेवडा यांचं बी घरी धरणं सोपं. भोपळ्याचं नको, मधमाश्या शेजारच्या वेलाचे पराग आणतात आणि त्या बियांतून भलतंच फळ निघतं, कधी कडूसुद्धा. पुदिन्याची काडी तर पेलाभर पाण्यात ठेवली तरी मुळं धरते.

आणि हो, पहिल्याच वर्षी दहा भाज्या लावू नका. मी लावल्या होत्या. निम्म्या पाण्यावाचून वाळल्या.