दिवाळीच्या सुट्टीत मुलीची खोली पर्यटकांना दिली, आता डिपॉझिटही परत करत नाहीत

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यातले, थोडी आंब्याची बाग आहे. मुलगी (वय १९) रत्नागिरीत शिकते. जूनमध्ये तिच्यासाठी खास विद्यार्थ्यांच्या एका अपार्टमेंटमध्ये जागा घेतली. इमारतीचे मालक मुंबईला असतात, चालवते एक कंपनी. दोघींत एक खोली, माणशी महिना ७,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. डिपॉझिट ३०,०००. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' (जागा वापरायच्या परवान्याचा करार), नोटरी केलेला. त्यात अट अशी, की मुदतीआधी खोली सोडली तर डिपॉझिट जप्त आणि उरलेल्या महिन्यांचं भाडंही द्यायचं. जुलैपासून पलंगालगतची भिंत ओली, बुरशी आलेली. ॲपवर तक्रार टाकली की दुसऱ्या दिवशी 'निवारण झाले' असा मेसेज. दिवाळीला मुलगी दहा दिवस घरी आली. परत गेली तर तिचे कपडे, पुस्तकं पोत्यात भरून जिन्याखाली टाकलेली, पलंगावर दुसरीच चादर, बाथरूमच्या जाळीत वाळू. सुट्टीत खोल्या पर्यटकांना दिल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "रिकामीच होती ना?" आम्ही ३० नोव्हेंबरला खोली सोडली, नोव्हेंबरपर्यंतचं भाडं दिलेलं आहे. आता डिपॉझिट नाहीच, उलट उरलेलं भाडं आणि रंगकामाचे ४,००० धरून आणखी ११,५०० मागतात. पैसे द्या मगच न्या म्हणून तिची ट्रंक आणि टेबलही ठेवून घेतलंय. सही केली आहे, म्हणजे आपण अडकलो ना?

उत्तर : नाही, अडकला नाहीत. सही तुमच्या मुलीची आहे तशी त्यांचीही आहे, आणि त्या कागदाने त्यांच्यावरही काही बंधनं येतात. ती त्यांनी आधी मोडली.

पोत्याबद्दल आधी बोलते, कारण माझ्या दृष्टीने हे सगळं प्रकरण तिथेच उभं आहे. मॅनेजर म्हणतो खोली रिकामी होती. ती रिकामी नव्हती. पूर्ण महिन्याचं भाडं भरलेली एका मुलीची ती खोली होती आणि ती दहा दिवस सणाला आईवडिलांकडे गेली होती. एकोणीस वर्षांच्या मुलीचे कपडे परक्या माणसांनी हाताळून पोत्यात कोंबायचे, तिच्या पलंगावर अनोळखी पाहुणे झोपवायचे आणि वर एकाच खोलीचे दोनदा पैसे घ्यायचे, याला कोणताही करार परवानगी देत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॅनेजर ज्या कलमावर बोट ठेवतो, ते 'देखभालीसाठी खोलीत प्रवेश' एवढंच आहे. देखभाल म्हणजे गळती बघणं, पंखा दुरुस्त करणं. पर्यटकाला किल्ली देणं म्हणजे देखभाल नव्हे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ६४ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की मोबदला देऊन परवाना घेतलेल्या माणसाला त्याची काही चूक नसताना मुदत संपण्याआधी जागेबाहेर काढलं, तर त्याला भरपाई मागता येते. दिवाळीतल्या त्या दिवसांपुरतं का होईना, हेच झालं. भिंतीची गळती आणि हा प्रकार, दोन्ही मिळून तुमच्या मुलीला खोली सोडायला सबळ कारण होतं. त्यांना जी नोटीस पाठवाल, तिच्यात 'मुलीने खोली सोडली' असं लिहू नका. 'तुम्ही करार मोडल्यामुळे तिला खोली सोडावी लागली' असं लिहा. पुढचा सगळा वाद या वाक्याभोवती फिरणार आहे.

आता ते काय म्हणतील ते आधीच सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्याची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. शिवाय जागा देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मालक आम्ही नाही' हेही कंपनीला म्हणता येणार नाही, कारण या कायद्यात दुसऱ्याच्या वतीने भाडं घेणाराही घरमालकच धरला जातो. मात्र केवळ कलम ५५ वर विसंबू नका. त्यांच्याकडे सहीचा कागद आहे, त्यावरून अट होती हे ते दाखवू शकतील. दुसरं म्हणजे हॉटेल किंवा लॉजमधली खोली या कायद्यातून वगळलेली आहे. त्यांचा वकील हुशार असेल तर म्हणेल, आमचं हे लॉजिंगच आहे, कलम ५५ आम्हाला लागू नाही.

म्हणू द्या. कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत निवास आणि भोजन यांचा नाव घेऊन समावेश आहे. लॉजिंग म्हटलं तर ते ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात. लीव्ह अँड लायसन्स म्हटलं तर नोंदणी का केली नाही याचं उत्तर द्यावं लागतं, आणि साफसफाई, वायफाय, सुरक्षा, तक्रारींचं ॲप याचे पैसे घेतल्यामुळे सेवा तरीही राहतेच. दोन दगडांवर पाय ठेवून त्यांना उभं राहता येणार नाही.

डिपॉझिट जप्त करण्याच्या अटीचं बघू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती सगळी आपोआप मिळत नाही. त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात सांगितलं, की नुकसान झालंच नसेल तर या कलमाखाली भरपाई नाही. म्हणून पहिलं काम हे करा : तुमच्या मुलीची जागा तिच्यानंतर कोणाला दिली ते तिच्या रूममेटकडून काढा. डिसेंबरमध्ये दुसरी मुलगी आली असेल, तर पाच महिन्यांच्या ३७,५०० रुपयांचं नुकसान कुठलं? आणि रिकामी ठेवली असेल, तरी नुकसान कमी करण्याचा प्रयत्न त्यांनी करायला हवा होता.

एक बाजू तुमची कमकुवत आहे, तीही सांगायला हवी. तुम्ही लेखी नोटीस न देता खोली सोडली. आयोगाने एखाद्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगितलं, तर मला आश्चर्य वाटणार नाही. वीजबिलाची काही बाकी असेल तर ती तुमची, ती नाकारू नका.

रंगकामाचे ४,००० मात्र देऊ नका. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे पावसाळ्याआधी गच्चीची गळती बघणं, पावसाच्या अंगाच्या भिंती झाकणं हे इमारत चालवणाऱ्याचं काम आहे. भिंत बाहेरून पाणी प्यायली आणि बुरशी धरली, तर त्याचा खर्च आत झोपणाऱ्या मुलीने का द्यायचा? जुलैतले फोटो आणि ॲपवरचे 'निवारण झाले' हे मेसेज तारखांसह जपून ठेवा. आज 'निवारण' आणि आठवड्याने पुन्हा त्याच भिंतीची तक्रार, असं दोन-तीन वेळा दिसलं की पुरे.

जीएसटीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतची आणि सलग किमान ९० दिवसांची निवाससेवा १५ जुलै २०२४ पासून जीएसटीमुक्त आहे. तुमची मुलगी सहा महिने राहिली. महिना १,३५० प्रमाणे ८,१०० रुपये त्यांनी कोणत्या आधारावर घेतले, ते लेखी विचारा. पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का बघा, असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. करापोटी घेतलेली रक्कम सरकारात भरलीच नसेल, तर त्यांना त्याचं वेगळं उत्तर द्यावं लागेल.

ट्रंक आणि टेबल अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. कुठल्याही थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा सरसकट हक्क करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँका, अडते, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी अशा मोजक्यांनाच आहे, हॉस्टेलवाल्यांना नाही. परवाना संपल्यावरही सामान न्यायला वाजवी मुदत द्यावी लागते. आधी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज पाठवा : 'अमुक तारखेला अकरा वाजता सामान न्यायला येत आहोत.' दोन माणसं बरोबर घेऊन जा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, तिथून थेट पोलिस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच अर्जात मुलीच्या गैरहजेरीत खोली उघडून तिचं सामान हलवल्याचंही लिहा. गुन्हा लगेच दाखल होईलच असं मी म्हणत नाही, पण पोच घेतलेला अर्ज पुढे फार उपयोगी पडतो.

पुराव्याबाबत घाई करा. ती खोली बुकिंगच्या ॲपवर टाकलेली असणार. पान अजून असेल, तर खिडकी, पडदा, पलंग ओळखू येतील असे स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि पत्ता दिसेल असे. पाहुण्यांनी दिवाळीतल्या तारखेचा अभिप्राय लिहिला असेल तर उत्तमच. पोत्याचा आणि वाळूचा फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मूळ फोन हाताशी असला की सोपं जातं.

मग कंपनी आणि जागेचे मालक, दोघांच्याही नावाने नोटीस पाठवा. स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी, आणि ईमेलनेही. पंधरा दिवसांची मुदत द्या. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कधीकधी एवढ्यावरच पैसे येतात.

नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी रत्नागिरीच्या खेपा घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं, म्हणजे तुम्हाला सिंधुदुर्गनगरी, ओरोस. तक्रार मुलीच्या नावाने करा, पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर तुमचंही नाव घाला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डिपॉझिट, जीएसटी आणि मनस्तापाची भरपाई, एवढंच मागा. करारातली अटच 'अन्यायकारक करार' म्हणून रद्द करून मागायची असेल तर ते राज्य आयोगाचं काम आहे, त्यात पडू नका. तीस हजारांसाठी त्या वाऱ्या परवडणार नाहीत. निकालाला कायद्यात तीन महिने म्हटले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, ती तयारी ठेवा. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलीच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, की "चेडू (मुलगी) त्या दिवसाबद्दल बोलूक तयार नाय." तिच्यावर जबरदस्ती करू नका. फक्त एवढं सांगा, की जमेल तेव्हा एका वहीत तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवावं : किती वाजता पोचली, दार कोणी उघडलं, पोतं कुठे होतं, त्यात काय काय होतं, काय सापडलं नाही, मॅनेजर नेमकं काय बोलला. खाली तारीख आणि सही. तक्रारीसोबतचं शपथपत्र त्यावरूनच तयार करता येईल.