फाइल 'टाकली' म्हणजे नेमकं काय केलं?

(नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात 27 वर्षं लिपिक म्हणून काम केलेल्या लेखिकेला वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न : ताई, आमचं गाव सात-आठ वर्षांपूर्वी नगरपंचायत झालं. वडिलांनी घेतलेला एन.ए. (बिगरशेती) लेआउटमधला 2 गुंठ्यांचा प्लॉट आहे. ते गेल्यावर उताऱ्यावर आई, मी आणि बहीण अशी तीन नावं लागली. घराची फाइल टाकून दीड महिना झाला, उत्तर नाही. इंजिनिअर म्हणतात, 60 दिवस उलटले की परवानगी मिळाली असंच धरायचं. मिस्त्री म्हणतो, पाऊस लागायच्या आत जोतं वर यायला हवं. पाया खोदायला घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. आधी इंजिनिअरना एवढंच विचारा, की 'टाकली' म्हणजे काय केलं? माझ्या टेबलावर या शब्दाचे तीन अर्थ निघायचे. एक, नकाशा काढून झालाय. दोन, नकाशा संगणकावर चढवलाय, पण छाननी शुल्क भरलेलं नाही. तीन, खरोखर आवक होऊन नंबर पडलाय. पहिल्या दोन्हींत फाइल ऑफिसात आलेलीच नसते आणि मालक मात्र महिनाभर आम्हाला शिव्या देत असतो. तुमच्याकडे आवक क्रमांक आणि तारखेची पोच आहे का? नसेल तर दीड महिना मोजूच नका.

आता 60 दिवसांचं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्ये तशी तरतूद आहे, इंजिनिअर खोटं बोलत नाहीत. फक्त अर्धंच सांगतात. ऑफिसने मध्ये त्रुटी कळवली असेल, तर दिवस तुमच्या उत्तराच्या तारखेपासून मोजायचे. आणि या मानीव परवानगीचा, म्हणजे उत्तर न आल्यामुळे मिळाली असं धरलेल्या परवानगीचा, फायदा मिळतो तो नकाशा नियमांत काटेकोर बसत असेल तरच. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, कुठे वीतभर कमी पडलं, की ते बांधकाम अनधिकृत धरलं जातं आणि नोटीस इंजिनिअरला नाही, तुम्हाला येते. त्रुटीपत्र बहुतेक वेळा इंजिनिअरच्याच लॉगिनला किंवा मोबाइलवर येऊन पडलेलं असतं. ते उघडून दाखवायला सांगा. दीड महिन्याच्या शांततेमागे मला तरी तेच दिसतंय.

आणखी एक विचाराच. 2 गुंठे म्हणजे साधारण 202 चौरस मीटर. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2020 च्या डिसेंबरात लागू झाली. तिच्यात 150 चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला अटी पाळून नकाशा दिला, शुल्क भरलं, की ती पावतीच पुरते. 150 ते 300 चौ.मी.साठी परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीच्या जबाबदारीवर 10 दिवसांत परवानगी आहे. मग तुमची फाइल त्या वाटेने का नेली नाही? मी हा प्रश्न खूप जणांना विचारलाय. उत्तर एकच, तेही चहा पिताना मिळतं : त्या वाटेला उद्या काही निघालं तर सही त्यांची असते. ज्याला स्वतःच्या नकाशाची खात्री नाही, तो नेहमीच्या रांगेत उभा राहतो.

खात्री का नसते? कारण प्लॉट मोजलेलाच नसतो. नकाशा उताऱ्यावरच्या क्षेत्राचा काढतात, जागा वेगळीच असते. एक प्रसंग सांगते. असाच 2 गुंठ्यांचा, कागदावर 33 फूट बाय 66 फूट प्लॉट. साहेबांबरोबर रजिस्टर घेऊन मीही जागेवर गेले होते. टेपचं एक टोक शिपायाकडे, दुसरं मालकाने चपलेच्या अंगठ्याखाली दाबून धरलेलं. टेप 33 वर यायला तयार होईना. साडेएकतीस. मालक चप्पल हळूहळू पुढे सरकवतोय आणि तोंडाने म्हणतोय, "टेप ताणून धरा की!" शेवटी चप्पल शेजाऱ्याच्या कंपाउंडला टेकली. शेजाऱ्याने भिंत कधीतरी दीड फूट अलीकडे घेतली होती आणि हद्दीचा दगड तिच्या पायात गाडला गेला होता. तो नकाशा तिथेच बाद. मालकाने पाया आधीच खोदून ठेवला होता, 33 फूट धरून. पावसाळाभर त्यात बेडूक ओरडत होते.

म्हणून भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या. घराचा नकाशा तिच्यावरून काढायला लावा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांनाही थांबवून घ्या, दगड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसू दे. एवढं झालं की दहा दिवसांच्या वाटेला इंजिनिअरही नाही म्हणणार नाहीत.

आता बहीण. तुम्ही तिच्याविषयी काही विचारलं नाहीत, पण तीन नावं मुद्दाम लिहिलीत, म्हणजे मनात आहे. अर्जावर तिघांच्या सह्या हव्यात, नाहीतर आईचं आणि बहिणीचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडा. पुष्कळ ठिकाणी इंजिनिअरच सल्ला देतात की बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, फाइल सुटसुटीत होते. परवानगीसाठी हक्कसोडपत्राची गरज नसते. ते नोंदणीकृत दस्त असतं, तिचा हिस्सा कायमचा जातो. घर बांधायला संमती देणं वेगळं आणि हिस्सा सोडणं वेगळं, हे तिलाही सांगा. आमच्याकडे एका फाइलवर सही करताना बहिणीने विचारलं होतं, "दादा, हे नक्की कशाचं?" आणि दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते.

प्रश्न : आमचं तळमजल्याचं घर ग्रामपंचायत असतानाचं आहे. घरपट्टी दरवर्षी भरतो. वर एक मजला चढवायचा आहे. जुन्या पावत्या पुरतील ना?

उत्तर : नाही पुरणार. कर हा बांधकाम आहे म्हणून लागतो, अधिकृत आहे म्हणून नाही. पावतीची झेरॉक्स फडकवत येणाऱ्यांना मी हे रोज सांगायचे.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीने त्या काळी ठराव करून परवानगी दिली असण्याची शक्यता आहे. नुसता 'घर आहे' असा दाखला आणि ठरावासह परवानगी यांत फरक आहे. ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर नगरपंचायतीकडे आलेलं असतं. ठरावाचं साल माहीत असेल तर माहिती अधिकारात प्रत मागा. काहीच मिळालं नाही, तर आधी तळमजला नियमित करून घ्यावा लागेल, आणि तो नियमांत बसेल तेवढाच होईल. रस्त्यात आलेली पायरी किंवा ओटा त्यात बसत नाही.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब चढवायचा बेत असेल, तर तुमचा प्रश्न परवानगीच्या फार अलीकडेच संपतो.

प्रश्न : परवानगी मिळाली, घर बांधून झालं, राहायलाही आलो. आता भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला हरकत नाही असा दाखला, कशाला?

उत्तर : विकताना लागतं, कर्जाला लागतं, आणि तेव्हा घाई असते म्हणून. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना, एक वर्षाचं असतं. बांधकाम लांबलं तेव्हा मुदतवाढ घेतली होती का ते बघा. जोत्याची तपासणी झाली होती का, तेही. हे दोन्ही कागद नसतील तर भोगवट्याचा अर्ज तिथेच अडणार.

बांधकाम परवाना, जोते आणि भोगवटा, तिन्ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येतात. किती दिवसांत द्यायच्या आणि अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. आमच्या ऑफिसात तो कपाटामागे गेला होता. नव्या मुख्याधिकाऱ्यांनी कपाट हलवलं, तेव्हा आम्हालाच कळलं की आपण इतकी वर्षं किती दिवस उशिरा होतो.