हिवाळ्यात पक्षी बघायला आणि वाचायला उत्तरेतच जावं लागतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मी परभणीचा, थोडंफार लिहितो, डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवस भरतपूरला राहून पक्षी बघायचेत आणि साचलेलं वाचून काढायचंय, तर कधी जावं, कोणती पुस्तकं न्यावीत? शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आपल्याकडं ज्वारीच्या रानात काय दिसणार?' मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळं.

आधी भरतपूरचं सांगतो. सचखंड एक्सप्रेसनं आग्र्याला उतरायचं, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. केवलादेव, म्हणजे भरतपूरचं पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान, त्याच्या दारातच भाड्यानं सायकल मिळते, ती घ्या. जानेवारीत धुकं असं उतरतं की कधीकधी दहा वाजेपर्यंत समोरची बाभळ दिसत नाही. वाचायचा वेळ तोच. पुस्तक एकच न्या, जाड न्या. मी सहा नेली होती आणि बारा दिवसांत दीड वाचून झालं.

आता ज्वारीच्या रानाचं.

मी सातवीत होतो. आमचं रान गंगेच्या काठाला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). ज्वारी दुधात आली की रविवारी दिवसभर माळ्यावर राखण माझ्याकडं असायची. गोफण, खड्यांची ओटी, फुटका डबा, आणि सदऱ्याच्या आत शाळेच्या लायब्ररीचं पुस्तक. एका रविवारी पुस्तकातलं पान संपवून मान वर केली तर नदीकडून भोरड्या (गुलाबी मैना) येत होत्या. हजारभर तरी असतील. सगळा थवा एकदम वळायचा, वळताना काळा व्हायचा, पुन्हा फिका व्हायचा, कुणी चादर झटकावी तसा. मी डबा वाजवलाच नाही. किती वेळ बघत बसलो ते आजही सांगता येणार नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, आले तेव्हा बांधाकडच्या वीसेक ओळींत कणसांना दाणा उरला नव्हता. त्यांनी मारलं नाही. पुस्तक हातात घेतलं, उघडून बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, "पाखरं राखायची असतेत, बघायची नसतेत."

त्यानंतर माझ्या हातात पुस्तक किंवा दुर्बीण दिसली की घरात कुणीतरी हे वाक्य म्हणायचंच. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर मुळीच पटत नाही.

कारण त्याच हिवाळ्यात, रात्रीची लाईट होती म्हणून आम्ही दोघं गव्हाला पाणी द्यायला गेलो होतो. मी दारं धरत होतो. गंगेवरून आवाज आला, थोड्या वेळानं पलीकडून दुसरा. दादा फावडं टेकून उभे राहिले. "चकवा-चकवी," ते म्हणाले. "नर आल्याड हाय, मादी पल्याड." जुन्या काव्यात चक्रवाकाच्या जोडीचा रात्रीचा विरह असतो, तो मी फार पुढं वाचला. खरं म्हणजे चक्रवाक बराचसा रात्री चरतो आणि चरताना जोडी एकमेकांना साद देत राहते. नर-मादीच्या आवाजातला फरक ज्याला अंधारात कळतो, त्यानं पाखरं आयुष्यभर बघितलेलीच असतात. हे मला दादांना तोंडावर सांगायचं होतं. ते राहिलं.

२०१४ च्या जानेवारीत भरतपूरला गेलो. रिक्षावाल्यानं डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब, म्हणजे रानहंस, दाखवले आणि हे हिमालय ओलांडून येतात असं सांगितलं. खरं आहे ते. पण हेच पट्टकादंब मी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी आधीच बघितले होते, म्हणजे भरतपूरच्याही पुष्कळ पुढं येतात ते. केवलादेव आहे २९ चौरस किलोमीटरचं, आपलं जायकवाडीचं अभयारण्य ३४१. तलवार बदकं, थापट्या बदकं, रोहित (फ्लेमिंगो), सगळं तिथं येतं. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी काठ खोल राहतात. पाणी ओसरून गाळपेर (काठची गाळाची जमीन) उघडी पडली की चिखलात चरणारे पक्षी जास्त दिसतात, म्हणून पाण्याची पातळी विचारूनच निघा.

केवलादेवच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. त्यांवर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेत. १२ नोव्हेंबर १९३८, एका दिवसात ४,२७३ पक्षी. भरतपूरच्या महाराजांनी ती पाणथळ राखली होती ती त्या शिकारीसाठी. त्या पाटीसमोर मला आमचा माळा आठवला. गोफणीच्या खड्यानं थवा उठतो आणि पुढच्या रानात जातो, आम्हाला तेवढंच हवं असायचं. पाखरं राखणं म्हणजे काय, हे मला त्या राजांपेक्षा दादांकडून जास्त कळलं, आणि तरी त्यांचं वाक्य अर्धं चूक होतं हे मी म्हणणारच. ज्याला बघता येतं त्यालाच राखता येतं.

भरतपूरला जाऊ नका असं मी म्हणत नाही. अवश्य जा, फक्त यंदा तिथं पाणी किती सोडलंय याची चौकशी करा, कोरड्या वर्षी निराशा होते. आणि भोरड्यांचं कौतुक करताना शेतकऱ्याचं नुकसान खोटं ठरवू नका. आमचं त्या साली पोतंभर तरी कमी भरलं असेल. त्याच भोरड्या नाकतोडे खातात, पळस फुलला की मधाला येतात आणि तोंडाला पराग लावून या फुलावरून त्या फुलावर जातात, हेही तितकंच खरं.

तर तिकीट काढण्याआधी एक रविवार आपल्याच भागात कुणाच्या तरी ज्वारीत माळ्यावर बसा. मालकाला विचारून बसा, पुस्तक बरोबर असू द्या, आणि डबा हाताशी ठेवा.