‘आजींना आधार चालेल’ म्हणाले, आता भूतानची सहल अडली

प्रश्न : चोवीस दिवसांनी आम्ही पाच जण भूतानला निघतोय. मी, यजमान, सासूबाई (७१), मुलगी (१७ वर्षं ८ महिने) आणि भाचा (११). सहा रात्रींचे २,३५,००० रुपये भरून झालेत. आम्हा चौघांचे माणशी ५०,००० आणि भाच्याचे ३५,०००. बुकिंगच्या वेळी सहल कंपनीने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘आजींना आधार चालेल, ६५च्या वर आहेत.’ आता म्हणतात, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. सासूबाईंचं मतदार कार्ड कधीच हरवलंय, पासपोर्ट काढलेला नाही. पैसे मागितले तर ‘कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, तीस दिवसांच्या आत रद्द केल्यास ७५ टक्के कपात’ हे छापील कलम दाखवतात. मुलीकडे पासपोर्ट आहे, त्यामुळे तिची काळजी नाही. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, ‘सासूबाईंचं बुकिंग रद्द करतो’ असं कुठेही लिहू नका, फोनवरही म्हणू नका. तसं लिहिलंत की ३७,५०० रुपये कापायला कंपनीच्या हाती कागद मिळतो.

कंपनीने ते हवेतून सांगितलं नव्हतं. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९मध्ये १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या भारतीयांना नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी आधार ग्राह्य धरलं. पण ती सवलत आपल्या बाजूची. आत कोणाला घ्यायचं हे भूतान ठरवतं, आणि भूतानला भारतीयांकडून किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या रस्त्याने जा की विमानाने भूतानमधल्या पारोला उतरा, नियम तोच. सहली विकणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा, आणि तुमची बाजू इथेच भक्कम होते.

तरी चोवीस दिवस हातात आहेत, म्हणून भांडण नंतर, कार्ड आधी. सासूबाईंचं नाव मतदार यादीत असेल तर हरवलेल्या कार्डासाठी फॉर्म ८ आजच भरा. ई-कार्डाच्या प्रिंटवर विसंबू नका, छापील कार्ड हातात आलं तरच ते धरा. म्हणून सोबत तत्काळ पासपोर्टचाही अर्ज करा. शुल्क १,५०० अधिक २,००० असे ३,५०० रुपये. आधार, पॅन, रेशन कार्ड, बँक पासबुक, पेन्शनची कागदपत्रं अशा ठरलेल्या यादीतली तीन लागतात. बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती नावावर. आधारवर ‘शांताबाई’, पॅनवर ‘शांता’ आणि रेशन कार्डावर माहेरचं नाव, असं असेल तर तत्काळमध्ये अर्ज परत येतो. अपॉइंटमेंट घेण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आता मुलीकडे वळू, कारण खरी अडचण तिथेही आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोवरचा असतो. म्हणजे तिच्या पासपोर्टची मुदत बहुधा चार महिन्यांच्या आतच संपत असणार. तसं असेल तर सहा महिन्यांच्या अटीत तो बसत नाही! शेवटच्या पानापर्यंत जायची गरज नाही, मुदतीची तारीख पहिल्या पानावरच आहे. बरं हे की अठराखालच्यांना पालकांसोबत जन्म दाखला चालतो. दाखला इंग्रजीत असावा. जुना फक्त मराठीत असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवा काढून घ्या आणि मूळ प्रत सोबत ठेवा.

भाच्यालाही जन्म दाखलाच. त्याचे आईवडील सोबत नाहीत, म्हणून दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवा.

आजच कंपनीला ई-मेल करा आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर असा : तुम्ही अमुक तारखेला आधार चालेल असं लेखी सांगितलं, त्यावर विसंबून पैसे भरले, माहिती चुकीची निघाली, आम्ही कार्डाची खटपट करतोय, तोवर खर्च न लावता तारीख पुढे ढकलण्याचा पर्याय द्या, आणि कागद वेळेत न मिळाल्यास सासूबाईंचे पूर्ण पैसे परत करा. यातून दोन गोष्टी साधतात. करार कायद्याच्या कलम ७३नुसार नुकसान टाळायचा प्रयत्न तुम्ही केलात हे दिसतं, आणि रद्द करणारे तुम्ही ठरत नाही. भूतान पर्यटकांकडून रात्रीमागे जे शाश्वत विकास शुल्क घेतं, त्याचा हिशोबही त्यातच मागा. भारतीय प्रौढाला रात्रीला १,२००, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ६००. सासूबाई गेल्याच नाहीत तर त्यांचे सहा रात्रींचे ७,२०० कंपनीला देय नाहीत, मग ते कापायचे कशाचे?

नाहीच ऐकलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम २(११)नुसार निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटीच. तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठलीही असो, कारण तुम्ही तिथे राहता. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील नेमण्याची सक्ती नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. ‘७५ टक्के कपात हा अन्याय्य करार आहे’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका, अन्याय्य कराराचा विषय राज्य आयोगाकडे जातो आणि अधिकारक्षेत्रावरच महिने निघतात. तक्रार चुकीच्या माहितीपुरती, त्रुटीपुरती ठेवा. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तिथेच मऊ होतात.

व्हॉट्सॲपचा तो संदेश हाच तुमचा मुख्य पुरावा. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण संवाद एक्स्पोर्ट करा, आणि फोन विकू किंवा रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत जोडा. आयोगात पुराव्याचे नियम काटेकोर लागत नाहीत, पण जोडलेलं बरं.

आणि आता नियम कळलाय तर ‘बघू, सोडतील’ म्हणून सासूबाईंना आधारवर सीमेपर्यंत नेऊ नका. तिथून परत आलात तर तो दोष तुमच्या खात्यावर जाईल, आणि बागडोगरा विमानतळापर्यंतची तिकिटंही.