अभ्यासिकेच्या दाराला कीपॅडचं लॉक स्वतः बसवता येईल का?

४० मुलांची अभ्यासिका, मुलं रात्री दोन-दोनपर्यंत बसणार, किल्लीच्या डुप्लिकेट कुणाकुणाकडे आहेत याचा पत्ता नाही. म्हणून तुम्ही कीपॅड आणि ईएम लॉक मागवलंत, आणि आता मागून लोंबणाऱ्या रंगीत वायरी बघून विचारताय की हे घरच्या घरी जमेल का. मी चिंचवडला कॅमेरे आणि दारांची हीच कामं करतो. टेस्टर धरता येत असेल तर जमेल. कीपॅड मात्र सगळ्यात शेवटी हातात घ्या.

आधी वीज गेल्यावर काय होणार ते बघा. ईएम लॉक म्हणजे नुसतं चुंबक. करंट आहे तोवर धरणार, गेला की सोडणार. कडीत बसणारे इलेक्ट्रिक स्ट्राइक बहुतेक उलटे असतात, करंट मिळाला की सुटतात. गोदामाला ते ठीक. तुमच्याकडे रात्री आत मुलं असतात, काहींनी तर डोकं टेबलावर टेकवलेलं असतं, तेव्हा ईएम लॉक घेतलंत हे उत्तम झालं. बत्ती गुल झाली की दार उघडं राहील ही काळजी असेल तर बॅटरी जोडता येईल असाच पॉवर सप्लाय घ्या. ६०० पौंडी लॉक, म्हणजे साधारण २७० किलोची ओढ, १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास खातं. ७ एएचची (अँपिअर-तास) नवी बॅटरी त्यावर आठेक तास आरामात काढते. गुरुवारी दिवसभर वीज जाते तिथेही निभावतं.

आता जोडणी. पॉवर सप्लायची प्लस कीपॅडच्या ‘कॉम’ला (आतल्या स्विचचं सामाईक टोक), ‘एनसी’मधून (एरवी जोडलेलं टोक) निघालेली वायर लॉकच्या प्लसला, लॉकची मायनस सरळ पॉवर सप्लायला. कीपॅडला स्वतःची प्लस-मायनस वेगळी. आतला एक्झिट स्विच ‘ओपन’ आणि ‘जीएनडी’ यांच्यात. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, खोक्यातला कागद बघा. लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) टाका, पट्टीची बाजू प्लसला. लॉकमध्ये आतच असेल तर प्रश्न नाही, पण नसेल तर दर वेळी दार उघडताना चुंबकाचा झटका उलटा येतो आणि कीपॅड मध्येच रिसेट होतो. दुकानदार म्हणतो पीस खराब आहे. पीस ठणठणीत असतो.

एक गोष्ट अजिबात टाळू नका. एक्झिट स्विच कीपॅडला विचारून दार उघडतो. कीपॅडच हँग झाला तर स्विच कितीही दाबा, चुंबक धरूनच बसणार. म्हणून लॉकच्या प्लसच्या वायरमध्येच हिरवा इमर्जन्सी ब्रेक ग्लास स्विच टाका. तो दाबला की लॉकचा करंटच तुटतो, मध्ये कुणाला विचारायचं नाही. चारपाचशे वाचवायला लोक नेमका हाच गाळतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका क्लासला लॉक बसवलं आणि दारावरची लोखंडी पट्टी पाना लावून करकचून आवळली. दार लागलं, दिवा लागला, मी खूश. क्लासच्या सरांनी, वय सत्तरीच्या घरात, सहज खांदा लावला आणि दार उघडलं! ती पट्टी थोडी हलती ठेवायची असते, मधला रबरी वायसर त्यासाठीच दिलेला असतो, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. शिवाय उरलेली कॅट-६ मी लॉकला वापरली होती. त्या बारीक तारेत २० मीटरवर जाऊन-येऊन दीड व्होल्टच्या आसपास गळतो. लॉकला निदान ०.७५ चौरस मिमीची जाड तांब्याची वायर ओढा, आणि दाराला डोअर क्लोजर हवाच, नाहीतर पट्टी चुंबकापर्यंत पोचणारच नाही.

कोडचं म्हणाल तर बऱ्याच स्वस्त कीपॅडचा मास्टर कोड १२३४५६ असतो. पहिल्या दिवशी बदला. सगळ्यांना मिळून एकच चार आकडी कोड देऊ नका. सहा महिन्यांत तीच चार बटणं चकचकीत होतात, आणि चार आकडे कळले की १०,००० ऐवजी फक्त २४ शक्यता उरतात. प्रत्येक मुलाला वेगळा कोड द्या, तो कितव्या नंबरवर टाकला ते वहीत लिहा. मुलगा सोडून गेला की तो नंबर तेवढा उडवायचा. वही नसेल तर सगळं पुसून पुन्हा भरत बसाल. कार्ड देणार असाल तर १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड कुठेही कॉपी होतं, एवढं ध्यानात असू द्या.

राहिला प्रश्न कीपॅड बाहेरच्या भिंतीवर असण्याचा. लॉकचा करंट चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिले, त्याच्या पोटात आहे, म्हणजे स्क्रू काढून एक वायर कापली की दार उघडं. दार थेट रस्त्यावर असेल तर कंट्रोलर आत ठेवून बाहेर फक्त वायगंड कीपॅड लावा, जो नुसता कोड आत पाठवतो. वरच्या मजल्यावर असाल आणि खाली शटर असेल तर आहे तेच चालेल.

भिंतीला भोक पाडण्याआधी सगळं एकदा टेबलावर जोडून चालवून बघा. आणि दार लाकडी की काचेचं, आत उघडतं की बाहेर, ते इथे कळवा. काचेला यू ब्रॅकेट लागतो, आत उघडणाऱ्याला झेड-एल, आणि तो लॉकसोबत बहुधा येत नाही.